अर्ध्या मोराची डबी

माझा जन्म माकणीचा. साल-तारीख इचारू नका, आईला ठावं न्हवती तर मला कुठनं. तिसरीपतुर शिकलो अन् शाळा सुटली. सुटली म्हंजी म्याच सोडली, उगं मेलेल्या बापावर कशाला ढकलू. वाचाया येतंय, लिव्हताना हात कापतोय, म्हणून तर तुमाला बोलावलं, गुरुजी. म्या सांगतो, तुमी लिवा. अन् जसं सांगतो तसंच लिवा, माझं चुकलेलं झाकू नका, त्येच्यासाठीच तर सांगाया बसलोय.

लग्न झालं अन् बायकोच्या गावात, हितं सास्तूरला, येऊन राह्यलो. माझ्या वाट्याला माकणीत काय उरलं न्हवतं. सासऱ्यानं आपल्याच खोपाटाला जोडून दगड-मातीचं खोपाट घालून दिलं, जावयाला कमीपणा वाटू नये म्हणून गावात सांगायचा की मलाच सोबत पाह्यजे व्हती. लई सरळ माणूस. त्येचा इषय पुढं येतोय, म्हणून आदी सांगून ठिवलं. बायकोचं नाव सोजर.

धंदा असा, की लोहाऱ्याच्या एका भांडेवाल्याचा माल सायकलीवर लादायचा अन् गावोगाव फिरायचं, नवं स्टील द्यायचं, बदली जुन्या तांब्या-पितळंची मोड घ्यायची. त्या टायमाला स्टीलचं लोकाला याड लागलं व्हतं. बाया घरातल्या तामचिनीच्या थाळ्या, टमरेलं, च्याच्या किटल्या आणून म्होरं टाकायच्या, पांढऱ्या धोट, निळी कड, कुठं थाळीच्या मधी गुलाब काढलेला, अन् म्हणायच्या, ह्येच्यावर एक वाटी द्या की ओ. दुकानदार बोंबलायचा, आरं आत लोखंड हाय वरनं नुसती काच, ह्येला मोड येत न्हाय, परत आणलंस तर दारात उभा राहू नको. म्या व्हय म्हणायचो अन् घरी न्यायचो. वाटी माझ्या कमाईतनं जायची. काय सांगू तुमाला, ते निळं बघितलं की मला सोडवायचं न्हाय. आमच्या घरात कवा रंग म्हणून न्हवता, माती अन् धूर, आई त्या धुरातच गेली. आता म्हणतो म्या असं, तवा एवढं कळत न्हवतं, तवा नुसतं पाह्यजे वाटायचं.

मग घड्याळं सुरू झाली. निजामाच्या टायमाला ज्यांचा बडेजाव व्हता त्यांच्या घरातनं निघायची, खिशातली साखळीची, भिताडावरची लंबकाची. चिनी मातीच्या बरण्या, फुलाफुलांच्या कपबशा, येक चिनी मातीचं कबुतर व्हतं चोच मोडलेलं. घड्याळं बहुतेक बंदच. सोजर शेजारच्या बाईला म्हणायची, आमच्या मालकानं बावीस घड्याळं आणल्यात अन् पोराची शाळा भरली का बगाया मला तुज्या दारात यावं लागतंय. आख्खी गल्ली हसायची. म्याबी हसायचो. तवा आमचं चांगलं व्हतं.

भूकंपात खोपाट गेलं. आमी त्या रातीला शेतात व्हतो म्हणून वाचलो, सासरा न्हाय वाचला. चिनी मातीचा चुरा झाला, तामचिनीला नुसते पोचे पडले अन् ती राह्यली. मग गाव नव्यानं बसलं, आमाला दोन खोल्याचं घर मिळालं. अन् त्या दोनातली येक, चांगली वरच्या अंगाची, गार राहणारी, ती म्या माझ्या सामानाला घेतली. माणसं चार, खोली येक. तामचिनीला खोली येक. लोकांची घरं उकरताना जे निघायचं तेबी म्या मागून आणायचो, अन् फेरीवर घड्याळं, बरण्या, कपबशा परत जमवायचो. सोजर येवढंच म्हणली, जे वापरणारे मातीत गेले त्येंच्या वस्तू कशाला आणता. म्या म्हणलं, तुला काय कळतंय.

आता डबीचं सांगतो.

भूकंपाला चार-पाच वर्सं झाली आसतील. येका गावात येक म्हातारी व्हती, येकटीच. तिनं स्टीलची बादली घेतली अन् पदराची गाठ सोडून डबी दिली. चांदीची, सुपारीयेवढी, अन् झाकणावर मिना केलेला, निळ्या-हिरव्याचा मोर, पिसारा असा की उन्हात धरला तर हालतोय वाटावं. म्हणली, माझ्या सासूची हाय, वितळवू नको, कुणाच्या तरी हातात ऱ्हाऊ दे. म्या म्हणलं, मावशी, देवाच्यान वितळवत न्हाय. दहा येळा खिशातनं काढून बघत आलो. तशी वस्तू परत जिंदगीत मिळाली न्हाय. घरी फडताळात येका फडक्यात गुंडाळून ठिवली, अन् कुणाला सांगितलं न्हाय. सोजरलाबी न्हाय.

पितरं झाली अन् घट बसायच्या आदी आमच्या घरात समदं धुवायचं आसतं, तुमाला ठावंच हाय. अंथरूण-पांघरूण, पोराची दप्तरं, देव्हारा, फडताळ, घरातला येक चमचासुदीक बिनधुतला राहता कामा नये, मग तुळजापूरच्या आईचा घट बसतो. सोजर त्येच्यात लई कडक. म्या फेरीवर व्हतो. तिनं माझी खोली रिकामी केली अन् समदं हापशावर नेलं. ज्येची जी रीत. कापडं सोड्याच्या पाण्यात उकळत व्हती, त्येच्यातच डबी टाकली, मग चिंच अन् राख लावून घासली, पितळंचा देव घासावा तशी. मिना म्हंजी काच, गुरुजी. उकळीत तडकला अन् घासल्यावर खपल्या निघाल्या. मोराचं डोकं गेलं, पिसारा गेला. खाली दोन पाय अन् पोटाचा निळा तुकडा, येवढंच राह्यलं.

म्या आलो तर ती डबी पदरानं पुसत उंबऱ्यात बसलेली. खुशीत व्हती. म्हणली, बगा की, कसली चकचकीत निघाली, आईच्या घटापुढं हिच्यात कुकू ठिवावं म्हणलं.

म्या काय बोललो ते लिवा. म्या म्हणलं, तुज्या बापानं तरी बघितली व्हती का असली चीज, खोपाटात जल्म गेला त्येचा.

ज्या खोपाटात मला ठिवून घेतलं, त्या खोपाटाचं. अन् तो त्याच्याच खाली दबून मेलेला. पोरं उभी, शेजारीण उभी. सोजरनं वर बघितलं न्हाय. म्या तिच्या हातातनं डबी हिसकली, उकिरड्यावर भिरकावली, खोलीला कुलूप घातलं, किल्ली करगोट्याला बांधली अन् म्हणलं, आजपासनं ह्या खोलीचा उंबरा वलांडायचा न्हाय.

तिनं वलांडला न्हाय. वीस-पंचवीस वर्सं. तुमाला वाटल बोलणं बंद झालं आसल, तसं काय न्हाय, भाकर वाढायची, बाजारचं सांगायची, पोरीचं लगीन केलं, पोराचं केलं, बालाजीची बायको रेखा आली. पर दरसाली घटाच्या आदी घर धुवून काढायची अन् त्या दारापशी आली की पाणी थांबवायची. कैऱ्याच्या दिवसात येकदा म्हणली, मोठ्या बरण्यातली येक द्याल का लोणच्याला, प्लास्टिकच्या डब्यात वास बदलतोय. म्या म्हणलं, त्या वापरायच्या न्हायत. परत मागितली न्हाय. आता मला कुणी सांगावं, बरणी वापरायची न्हाय तर कशाला आसती.

शेवटी तिच्या छातीत पाणी झालं. उन्हाळा असा, की बाहेरच्या खोलीतला पत्रा तव्यावाणी तापायचा. दवाखान्यातनं घरी आणलं तवा म्या कुलूप काढलं, सामान भिताडाला सारलं, खाट टाकायपुरती जागा केली अन् म्हणलं, सोजर, आत चल, हितं गार हाय. तिनं खाटंवरनंच दाराकडं बघितलं.

न्हाय, म्हणली. तुमीच म्हणला व्हता.

म्या म्हणलं, आगं किती सालाखालचं. रेखानं समजावलं, पोरीनं समजावलं. रागानं म्हणली आसती तर बरं वाटलं आसतं, गुरुजी, रागात न्हवती ती. नियमच झाला व्हता तिचा, जसा उपासाचा आसतो. चार दिवस त्याच पत्र्याखाली काढले अन् गेली. सवाष्ण गेली म्हणून बायांनी कुकवानं मळवट भरला. म्या दारात उभा, आत खोली गार.

तेराव्याला पोरगी आईचं सामान आवरत बसली. चंची सोडली, त्येच्यात मिसरीची डबी. सोजर दात घासून येक बोट मिसरी दिवसभर तोंडात धरायची, आमच्याकडं समद्याच म्हाताऱ्या धरतात, ती डबी कायम तिच्या कमरंला खोचलेली. पोरीनं झाकण पुसलं अन् माझ्याकडं दिली. दोन पाय अन् पोटाचा निळा तुकडा.

उकिरड्यावरनं उचलून आणली व्हती तिनं. वीस-पंचवीस वर्सं माझ्या डोळ्यादेखत उघडायची, झाकायची. अन् म्या, ज्याला गावोगावचे लोक म्हणायचे की शिदूच्या नजरंतनं जुनी वस्तू सुटत न्हाय, त्या म्या येकदाबी बघितली न्हाय. तिच्या हातात काय हाय ते बगायची सवयच न्हवती मला.

गेल्या साली सण केला न्हाय. डबी माझ्या उशाला. उघडून वास घ्यायचो, तंबाखू भाजल्याचा, तिच्या पदराचा वास. दुसरं काय राह्यलं व्हतं. औंदा पितरं झाल्यावर म्या कुलूप फेकून दिलं अन् रेखाला म्हणलं, समदं भाईर काढ, धू. ती भ्याली. म्हणली, मामा, ह्येला काय लावू, साबण का नुसतं पाणी. म्या म्हणलं, तुज्या सासूनं लावलं ते लाव. सांजपतुर आंगण निळं-पांढरं दिसत व्हतं, बाया येऊन बघत व्हत्या. कुणाला बरणी आवडली तर म्हणलं, ने, लोणचं घाल.

मग रेखा हळूच म्हणली, मामा, सासूबाईच्या मनात त्या डबीत घटाचं कुकू ठिवायचं व्हतं म्हणतात. द्या, धुते.

म्या दिली न्हाय. दोन दिवस दिली न्हाय. धुतली तर वास जाणार, अन् न्हाय धुतली तर तिचं तेवढं येक सांगितलेलं ह्या खेपंलाबी राहणार. तिनं माझ्याकडं मागितलं किती? येक बरणी अन् येवढं कुकू.

तिसऱ्या दिवशी पोरं उठायच्या आदी हापशावर गेलो, संगट चिंच नेली, मूठभर राख नेली. मिसरी वतली ती तिनं लावलेल्या तुळशीच्या बुडात. अन् घासली, आतनं-बाहेरनं, जशी तिनं घासली व्हती तशी. येक पाय निघून गेला. वास गेला. घरी येऊन रेखाच्या हातात दिली, म्हणलं, भर.

त्या गार खोलीतच घट बसवला, नऊ दिवस माळ चढली. आता तिथं बालाजी-रेखा झोपतात, लेकरं खेळतात. घड्याळं लेकरांनी खोलून ठिवल्यात, येकाचा काटा फिरतोय म्हणं, खरा टाइम दावतोय का ते म्या बघितलं न्हाय. डबी देव्हाऱ्यात हाय. मिना नावापुरता, मिसरी न्हाय, कुकू हाय.

बास झालं. तुमची मालकीण बरी हाय न्हवं? बरी ऱ्हाऊ दे. रेखा, गुरुजीला च्या आण. नगं, स्टीलच्या पेल्यात नगं, त्या फुलाच्या कपात आण. घ्या, गुरुजी. असं भिऊन दोन हातानं धरू नका, फुटला तर फुटू द्या.