आईचं फोल्डर

अरे, दिवाळीत गावी, किन्हीराजाला घरी गेलो, तर बाबांच्या मोबाइलमधले फोटो लॅपटॉपवर लावत बसलो. सॉफ्टवेअर चेहरे ओळखून ज्याचे फोटो त्याच्या फोल्डरमध्ये टाकतं. सगळ्यात मोठं फोल्डर आईचं निघालं!

मी खूश. "आई, पाह्य, बाबानं तुहे किती फोटो काढले!"

उघडलं, तर जिथं तिथं आई बुडालेल्या नाहीतर वाळलेल्या सोयाबीनमध्ये उभी. नुकसानीच्या अर्जाला फोटो लागतो. पिकाची उंची कळावी म्हणून बाबा दरवेळी तिलाच उभं करत.

आईनं एकेक फोटो पाहिला. मग म्हणाली, "कधी चांगल्या पिकात बी उभं करा मले."

बाबा म्हणाले, "चांगल्या पिकाचा फोटो कोन मांगते?"

"मी मांगून राह्यली ना!"