रात आजची हाय

हॅलो?… हां, बोल इद्रिस. अरे कुठं हायस तू? सांजची एसटी आली नि गेली. सगळी माणसं उतरली, तू न्हाई. मी कवाधरनं कब्रस्तानाच्या दारात उभी हाय…

काय?… उद्या?… उद्या सकाळच्या गाडीनं येतोस?

थांब. जरा थांब. रजा कवाची टाकलीस?… अरे बाबा, रात आज हाय. शबे बरात आजची.

कुठं बघितलंस?… मोबाईलमधी. मग तो उद्याची तारीख दाखवणारच की. आपला दिस सूर्य बुडाला की लागतो, इद्रिस. आधी रात, मग दिवस. रमजानचा चांद दिसला की त्याच रातीपासनं तरावीहची नमाज न्हाई का सुरू होत?… हां, आता हूं म्हणतोस. चाकणच्या कंपनीत गेलास, तर दिस कवा लागतो तेबी इसरलास.

न्हाई, रागावले न्हाई… बरं, रागावलीय. थोडी.

आता निघून काय करणार? भोरला येईस्तवर रात हुईल, तिथनं हिर्डोशीला गाडी कुठली?… मोटरसायकल? अंधाराचं, ह्या वळणावळणानं? अजिबात न्हाई. एक माणूस गेलं तेवढं बास झालं मला.

अरे ऐक ना… ऐक. हलवा केलाय म्या. चण्याच्या डाळीचा. सखूबाईकडं दिला, रत्नाच्या पोरांना दिला. तुझ्या वाटचा डब्यात हाय… उद्याचा रोजा धरणार ना? मग रोजा सोडलास की खा, घरीच.

कबरीपाशी फातिहा म्हणायला कोण?… मौलाना भोरला, मशिदीत. गावात आपलं मुलाण्याचं एकच घर, दुसरं कोण येणार?… अब्बांचा दोस्त कोंडिबा आला होता सकाळी. गवत काढलं, पाणी मारलं. मला म्हणला, भाभी, दर साली मुलाणी त्याच्या बापाची कबर साफ करायचा, औंदा त्याची मी केली. पर फातिहा मला येत न्हाई म्हणला, ती पोरानंच म्हणायची.

म्हणून तर जीव खालीवर होतोय रे. अब्बांची पहिली बरात ही. मेलेली माणसं आज वाट बघत्यात म्हणं, आपलं कोण येतंय का. आन् त्यांच्यापाशी कुणीच न्हाई.

इद्रिस… रडू नको. तू रडायला लागलास तर मी कुणाकडं बघू?… चुकलं तर चुकलं. आज माफीचीच रात हाय, बाळा.

मी?… आत?… आपल्यात बायका जात न्हाईत, ठावं हाय ना तुला. त्यांना नेलं तवाबी मी घराच्या उंबऱ्यातच राहिले. हितनं दिसती कबर, लिंबाखाली. येताजाता लांबनंच बघते. लई याद येती रे. भाकरी थापताना सुदीक दोघांच्या थापते अजून.

काय म्हणतोस?… फोन?… तिथं धरायचा नि तू म्हणणार?… चालंल का असलं?… आता कुणाला इचारू? मगरिबच्या नमाजची येळ झाली…

व्हय. अल्ला नियत बघतो, असं तेच म्हणायचे.

बरं. थांब. चप्पल काढते… चालतीया… डोळ्यांवर पदर आला बघ… हां. कोंडिबाच्या बायकोनं शेवंती ठेवलीया. अगरबत्ती बी हाय, लावते मागनं.

आले…

काय न्हाई… काय न्हाई रे. लई बारकी वाटती. एवढा थोराड माणूस आन् एवढ्याशा जागेत…

स्पीकरचं कुठलं बटण?… हिरवं?… मधलं. हां, आता येतोय आवाज. मातीपाशी धरलाय बघ. म्हण. सावकाश म्हण, घाई करू नको. त्यांना घाई आवडत न्हाई.

…

हॅलो?… इद्रिस?… अरे, मधीच थांबलास का?… हॅलो?

कटला.

अवो… पोरगं होतं तुमचं. ऐकलं ना? त्याच्यावर रागावू नगा, त्याचा दिस चुकला. राहिलेलं मी म्हणते. आन् लगेच ऊठ म्हणू नगा मला, लई दिसांनी तुमच्यापाशी बसलीया.