बकरीनं खाल्लेला गवताळ प्रदेश

देवळीच्या थांब्यावर पुढाऱ्याचा फोटो होता, पत्रा नव्हता. उन्हात उभ्या सुलोचनाबाईंचे कान पुढच्या बापलेकीकडे लागले. वर्ध्याच्या विज्ञान प्रदर्शनाला निघालेल्या प्रेरणाच्या पुठ्ठ्यावर सारं जग मांडलेलं होतं, आणि रांगेतल्या चिंधूबुवाच्या बकरीनं आत्ताच त्यातला गवताळ प्रदेश फस्त केला होता.

“बाबा, माहा नंबर गेला!”

“रडू नको. तिथं निंबाची फांदी खोचून देतो.”

“झाडं कशी खोचता? तिथं तेवढा पाऊस पडत नाई!”

“मंग बर्फ म्हणून कापूस टाक.”

“बर्फ उत्तरेले, टुंड्रात!”

“मंग वाळवंट म्हण.”

“वाळवंटात तं याच्याहून कमी पाऊस! बाबा, तुम्ही शाळेत गेलते का नाई?”

“पोरी, माह्या बकरीचं चुकलंच.”

“थांबा चिंधूआबा, हे बकरी वर्ध्यालेच चालली ना? मंग प्रदर्शनात येऊ द्या. गवत कुठं गेलं विचारलं तं सांगीन, पाऊस कमी म्हणून झाडं नाई, गवत. आन् गवत तिथं चरणारे!”

“येईन ना! पुढं उभी करजो तिले!”

बस आली. कंडक्टर दारातूनच खेकसला, “बकरी कोणाची?”

सगळ्यांच्या आधी सुलोचनाबाई ओरडल्या, “गवताळ प्रदेशाची!”