मावळ्याचं मुंडकं

नाशिकच्या नव्या संग्रहालयात लढाईच्या पुतळ्यांपुढे दोघी शेजारणी उभ्या होत्या. पुतळ्यांना चेहरे दोघींच्या पोरांचे होते. पुतळ्यांच्या पाट्या लिहिणारे वामनराव बाजूलाच काम करत ऐकत होते.

"जैतुनबी, हा वरचा मावळा तुझा लियाकत की गं!"

"मूर्तिकारानं मिशा बघून बसवला. अन् खाली पडलेला मोगल तुझा भिका. दाढी नडली त्याची!"

"पण कुस्तीत दरसाल माझा भिकाच जिंकतो! ओ पाटीवाले, मुंडकी बदला."

"बाई, इतिहासात मावळाच जिंकला."

"इतिहास ऱ्हाऊ द्या. नुसती मुंडकी बदला."

"अन् माझा लियाकत खाली? नाय चालायचं!"

"मग नागपंचमीला दोघांची कुस्ती लावू. जिंकंल त्याचं मुंडकं वर!"

वामनरावांनी दारावर नवी पाटी लावली: 'नागपंचमीपर्यंत बंद.'