प्रमिलाबाईंचा रविवार

मोतीलाल : चहा नको मॅडम. आर्वीच्या स्टँडवर पिऊनच एसटीत बसलो. तुम्ही एवढंच सांगा, ब्लॉग बंद काऊन करून राह्यल्या?

सुनीती : तेवढं विचारायला तुम्ही आर्वीहून पिपरी मेघेपर्यंत आलात? आणि घर कसं सापडलं?

मोतीलाल : तुमीच लिहिलं होतं ना. पान्याच्या टाकीमागची गल्ली, दारात बकुळ. दोघाले विचारलं, आलो. मी मोतीलाल. कपड्याचं दुकान हाये माझं, आता पोरगा पाहते.

सुनीती : बघा, घराचा रस्तासुद्धा लिहून बसले मी. तुम्ही नेहमी वाचता?

मोतीलाल : वाचतो मी, ऐकते आमची प्रमिला. काचबिंदूनं नजर गेली तिची, सहा वर्षं झाली. लय उशिरा ध्यानात आलं आमच्या. मंग नात गुंजननं तुमचा ब्लॉग मोबाइलमध्ये काढून देल्ला. तवापासून दर रविवारी जेवणाआधी मी वाचतो. पहिले सातबारा वाचल्यावानी वाचत होतो. ती म्हने, हळू, थांबत थांबत वाचा. तुमच्या शाळेचं, तुमच्या आईचं, वेदश्रीचं, सारं तिले पाठ हाये.

सुनीती : आणि शेवटचं?

मोतीलाल : ‘आजपासून मी इथे लिहिणार नाही’ डोळ्यानं वाचलं, तोंडानं नाई वाचलं. नेटवर्क नाई म्हनलो. दोन रविवार झाले, तेच सांगून राह्यलो.

सुनीती : काका, वेदश्री, माझी मुलगी, बारावीत नापास झाली तेव्हा मी त्यावर लिहिलं होतं. आठवतं?

मोतीलाल : आठवते. प्रमिला रडली होती.

सुनीती : लोकांनीही खूप धीर दिला. मला. ज्या पोरीचं दुःख होतं, तिच्याशी मात्र मी महिनाभर धड बोलले नव्हते. लिहून झालं की मला वाटायचं, बोलून झालं. आता ती पुण्यात नोकरी करते. दिवाळीनंतर तिचा फोन आला, तिचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. पण ते सांगायच्या आधी ती काय म्हणाली माहितेय? ‘आई, हे लिहू नकोस हं.’

मोतीलाल : मंग नाई लिहिलं तुमी.

सुनीती : नाही. पण ती बोलत होती आणि माझ्या डोक्यात पहिलं वाक्य तयार होत होतं. त्याचीच भीती वाटली. पुढच्या आठवड्यात भाच्याचा, अनयचा कॅमेरा घेऊन आष्टीच्या बाजारात गेले. चार तास उभी होते, एकही वाक्य सुचलं नाही. नुसतं पाहत होते. आता रोज कॅमेरा घेऊन निघते. दुपारी रंग घेऊन बसते. चित्रं वाईट येतात, पण कुणाला दाखवायची नसतात. आणि वेदश्री आता रोज फोन करते.

मोतीलाल : चांगलं झालं. पन मॅडम, फोटो प्रमिलेच्या काय कामाचा?

सुनीती : हे मला सुचलंच नव्हतं. मी त्यांच्यापुरतं लिहून पाठवू का? महिन्यातून एकदा?

मोतीलाल : नको. पोरीसाठी सोडलं, आता माझ्यासाठी धरू नका. दाखवा तरी, काय काढलं आष्टीले.

(सुनीती कॅमेऱ्याचा पडदा त्यांच्यापुढे धरते.)

मोतीलाल : बाई हाये. भाजी घेऊन बसली.

सुनीती : अजून?

मोतीलाल : अजून काय? लुगडं सुती हाये, सहावारी. रंग मोरपंखी म्हनते लोक, पन हा धुवून धुवून उतरला. काठ मात्र दुसऱ्या लुगड्याचा लावला, हातानं शिवला. टाके बारीक हायेत. म्हंजे नजर चांगली हाये बाईची. अन् पदर तोंडावर धरला तो उन्हासाठी नाई. हसून राह्यली ती. समोरचे दात नसतीन तिले, म्हनून लपवते.

सुनीती : मी काढलाय फोटो, पण काठ वेगळा आहे हे मला दिसलं नव्हतं.

मोतीलाल : जिंदगी कपड्यात गेली, मॅडम.

सुनीती : हेच सांगा ना त्यांना. मी दर आठवड्याला एक फोटो पाठवीन.

मोतीलाल : मले नाई जमत. दुकानात मी कापडाचं थान उलगडत होतो, गिऱ्हाईक आपलंच पाहत होतं. घरी तर तीच बोलते. अन् रविवारी तुमचे शब्द होते, माझा निस्ता आवाज.

सुनीती : आत्ता बोललात ते कुणाचे शब्द होते?

मोतीलाल : पाठवा तो बाईचा. पहिले तिले खरं सांगतो, ब्लॉग बंद झाला, नेटवर्कचं खोटं होतं. मंग हे सांगून पाहतो. पन अडखळीन मी.

सुनीती : अडखळा. त्यांना कुठे घाई आहे?