भरमूचा डोळा आणि माझी दाढी

...आणि हसायचं न्हाय, म्हणाले डॉक्टर. खोकायचं न्हाय, शिंकायचं न्हाय, कुशीवर वळायचं न्हाय, आणि हसायचं तर अजिबात न्हाय, डोळ्याला टाकं घातल्यात, एक जरी सुटलं तर डोळा गेला म्हणून समजा. आता हे सांगायचं कुणाला? ज्याचा डोळा त्यालाच की न्हाय? पण डॉक्टर सांगतायत माझ्याकडं बघून. माणूस कानडी, मराठी बेताचं, माझ्या छातीकडं बोट करून म्हणाले, "नगबारदु." हसता कामा न्हाय. म्हणजे भरमूला हसू आलं तर जबाबदार मी. बसा हो, तुमचा नंबर यायला वेळ हाय, भरमू आत पाणी तापवायला गेलाय, तोवर सांगतो. मला काय हो... मी नुसता सोबतीला गेलतो.

तुम्ही ह्या गल्लीत नवीन, तुम्हाला म्हाईत नसणार. हा भरमू न्हावी आणि मी एकाच वयाचे, साठीला टेकलेले. मी सत्याप्पा, साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर होतो, आता घरीच. चाळीस वर्षं झाली, दर शनिवारी माझी दाढी ह्याच खुर्चीत, ह्याच्याच हातची. वस्तरा गालावर फिरायला लागला की मला झोप लागायची, अशी झोप घरी अंथरुणात पण न्हाय. तर ह्याच्या डोळ्यात पांढरं यायला लागलं. मोतीबिंदू. आणि आम्हाला कुणाला पत्ता न्हाय. दाढी पहिल्यासारखीच गुळगुळीत, मग कळणार कसं?

कळलं ते मारुतीरावांच्या मिशीवरनं. मारुतीराव म्हणजे पोलिसातनं निवृत्त झालेले हवालदार, मिशी अशी की लिंबू ठेवलं तरी पडायचं न्हाय. दुसऱ्या दिवशी कंग्राळीला पुतणीचं लग्न, म्हणून मिशी जरा नीट करायला आलते. भरमूनं कात्री चालवली, आणि उजवं टोक गेलं. सगळं गेलं. मारुतीराव आरशात बघत राहिले, आणि आम्ही सगळे हळूच दाराकडं सरकलो. मग त्यांनी मांडीवरचं ते टोक चिमटीत धरून वर केलं आणि विचारलं, "भरमू, माझ्या हातात काय हाय?" भरमूनं मान पुढं केली, डोळे बारीक केले आणि म्हणाला, "विडी."

झालं. गावभर झालं. स्टँडजवळ नवं सलून निघालेलं, माणसं तिकडं जायला लागली. हा दुकानात एकटाच बसायचा, वस्तऱ्याला धार लावत. सुलाबाई, म्हणजे ह्याची बायको, माझ्या दारात येऊन रडायला लागली, की आण्णा, ऑपरेशनचं नाव काढलं की जेवत न्हाईत, म्हणत्यात असला तेवढा उजेड पण जाईल. तुमचं ऐकतील, तुम्ही सोबत जावा. मी समजूत घालायला गेलो, तर ह्यानं अट घातली. ऑपरेशन करून घेतो, पण डोळा आला की पहिली दाढी तुझी. आता सुलाबाई समोर उभी, डोळ्याला पदर लावून. न्हाय कसं म्हणणार? व्हय म्हणलं. बोलायला काय जातंय, असं वाटलं तेव्हा.

गेल्या सालची, एकोणऐंशीची, दिवाळीची सुट्टी, निपाणीत एका शाळंत डोळ्यांचं शिबिर. वर्गातले बाक भिंतीला लावलेले, खाली गाद्या, फळ्यावर कुणीतरी काढलेलं कमळ तसंच. आधी नर्सबाई ह्याच्या पापण्यांचे केस कापायला आली. ह्याला भीती वाटंल म्हणून मी हात धरून बसलो, तर हा तिलाच सांगायला लागला की बाई, कात्रीला धार न्हाय, अंगठा असा धरा, माझी पिशवी द्या जरा, त्यात माझी कात्री हाय. ती म्हणाली, गप पडा. मग आत नेलं. मी बाहेर पायरीवर, मांडीवर ह्याचा सदरा आणि चपला. माणूस आत आणि त्याच्या चपला आपल्या मांडीवर, हे लई वाईट असतंय बघा. गेलेल्या माणसाचं सामान सांभाळल्यागत वाटाय लागतं. आतनं ह्याचा आवाज येतोय का म्हणून कान लावला, तर न्हाय. भरमू आणि गप? मला काय हो, मी नुसता सोबतीला गेलतो, पण घाम मला फुटलेला.

आणला बाहेर. डोळ्यावर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूला वाळूच्या पिशव्या, मान हलू नये म्हणून. पाच दिवस असंच उताणं. आणि निपाणीची हवा तुम्हाला म्हाईत हाय, तंबाखूच्या वखारीवरनं वारा सुटला की सगळं गाव शिंकतंय. तिसऱ्या दिवशी सुटला की वारा. पलीकडच्या गादीवरच्या म्हाताऱ्याच्या नाकपुड्या हलल्या, मग त्याच्या शेजारच्याच्या, तशी वर्गातल्या सगळ्या सोबत्यांनी आपापल्या माणसाच्या नाकाखाली बोट दाबून धरलं. मीही धरलं. शिंक थांबली, पण ह्याला हसू आलं. म्हणलं, भरमू, नको रं, डोळा जाईल. तर जास्तच. मी ठरवलं, बोलायचंच न्हाय. गप बसलो. तर हा म्हणतोय, तू गप बसलास की तुझं तोंड कसं झालं असंल ते मला पट्टीतनं दिसतंय. आणि पोट गदागदा हलायला लागलं. मी दोन्ही हातांनी पोट दाबून धरलं, आणि नेमके डॉक्टर आले. त्यांनी काय समजलं देव जाणे. कानडीत मला असं बोलले, असं बोलले, की मी उठून फळ्याजवळ जाऊन उभा राहिलो. माझा काय गुन्हा? मी नुसता सोबतीला गेलतो!

पण डोळा राहिला. दीड महिन्यानं चष्मा आला. भिंगं म्हणजे काय, लोणच्याच्या बरणीची बुडं. मागं भरमूचा डोळा एवढा मोठा दिसायचा, लिंबाएवढा, बघणाऱ्याला धडकी. आणि ह्याला सगळंच मोठं आणि जवळ दिसायला लागलं. चहाच्या कपाला हात घातला की अलीकडंच मूठ मिटायची. दाराची चौकट वाकडी दिसती म्हणून सुताराला बोलावलं. बाजूनं येणारा माणूस दिसायचाच न्हाय, आणि मग एकदम नाकासमोर उगवायचा. पांढरं धोतर निळसर दिसतंय, म्हणून नीळ जास्त घातली असं म्हणत सुलाबाईबरोबर दोन दिवस भांडण. बाहेरनं ऐकायला गंमत वाटती. पण शनिवार आला.

मी आलो. बोललो होतो ना. अख्खी गल्ली दारात उभी, मारुतीराव लांब, मिशीवर हात ठेवून. ह्यानं साबण लावला तो निम्मा कानात. वस्तरा उघडला. मी आरशात बघतोय, तो लिंबाएवढा डोळा माझ्याकडं येतोय, आणि वस्तरा फिरला सर्रकन... हवेत. माझा गाल चार बोटं लांब. हवेची दाढी झाली. कुणीतरी दारात हसलं. भरमूनं अंदाज सुधारला, जरा पुढं झाला, आणि मग कानाच्या पाळीला एकदम गार लागलं, आणि मग गरम.

ह्यानं टॉवेलानं माझा कान दाबून धरला, आणि टॉवेल उचलून उचलून रक्त थांबलं का बघत राहिला. चाळीस वर्षांत त्या हातानं मला एक ओरखडा काढला नव्हता हो. हळूच म्हणाला, माझ्यापुरतंच, "सत्याप्पा, डोळा आला, पण हात गेला रं."

मला शहाणपण सुचलं म्हणत्यात लोकं. शहाणपण कसलं, मला तो डोळा परत जवळ यायला नको होता, एवढंच. म्हणलं, "चष्मा काढ."

काढला. खाली ठेवला. डाव्या हाताच्या अंगठ्यानं माझा गाल ताणला, दोन बोटं हनुवटीवर फिरवली, जात्याजवळ बसलेली बाई न बघता खुंटा धरती तशी, आणि वस्तरा टेकवला. आणि झाली की दाढी. गुळगुळीत. लोकं वाहवा करतायत, सुलाबाई पदराआड हसती, आणि मी खुर्चीत गार पडलेला. कारण मला तेव्हा कळलं... हा माणूस किती वर्षं काही न दिसता माझ्या गळ्यावर वस्तरा चालवत होता, आणि मी खाली झोपा काढत होतो.

तेव्हापासनं दाढीला चष्मा काढायचा, केसाला घालायचा, आणि मिशीला कुणाच्या हातच लावायचा न्हाय, असं ठरलंय. दुकान परत भरलं. बरं झालं. पण त्या दिवशी तोंड पुसून झाल्यावर ह्यानं चष्मा घातला आणि दाढी कशी झाली ते बघायला वाकला. बघताबघता थांबला. माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं आणि म्हणाला, "सत्याप्पा, तुझ्या डाव्या डोळ्यात पांढरं हाय."

मी आपलं समजत होतो थंडीचं धुकं हाय. दुपारी बाराला कसलं धुकं, असं घरात दोनदा म्हणली होती आमची बायको. परवा सोमवारी निपाणीला ह्या सालचं शिबिर हाय, ऑपरेशनला जायचंय. जेवण जात न्हाय, पण गाठोडं बांधून ठेवलंय. पुढच्या शनिवारी तिथंच उताणा असणार, म्हणून आजची दाढी चुकवली न्हाय.

हं, आला बघा पाणी घेऊन. जावा, तुमचा नंबर, मी तुमच्यामागनं बसतो. भिऊ नका हो, चष्मा काढलेला असतोय तोवर बिनघोर बसा. दाढी संपून त्यानं चष्म्याला हात घातला, की मात्र टॉवेल तोंडावर घ्या आणि उठा... त्याला काय दिसंल सांगता येत न्हाय.