नकाटोचं गाणं

स्वारगेटला लोणी काळभोरच्या बसच्या रांगेत माझ्या पुढे एका गावच्या सरपंच मथुराबाई आणि त्यांचे यजमान उभे होते. त्यांना बसपर्यंत सोडायला रेडिओ केंद्रातली एक मुलगी आली होती.

"मग सरपंचबाई, उद्या दहाला तुमची मुलाखत. थेट प्रसारण आहे."

"यील ती. बोलीन मी."

"अहो काका, सरपंच त्या आहेत ना?"

"कागदावर हाय की. गावाला ठावं हाय खरा सरपंच कोन ते."

"मग मला नकाटोसारखं करावं लागेल."

"कुनासारखं?"

"माझी मैत्रीण. युगांडात असते. तिथल्या रेडिओवर निवडून आलेल्या बायकांशी गप्पा मारते. त्यांचेही नवरे सोबत येतात आणि मध्येच बोलायला लागतात."

"मंग हाकलती का काय त्यास्नी?"

"छे, पाहुण्यांना कसं हाकलणार? ती गाणं लावते."

"आन बाई बोलाय लागली की?"

"गाणं बंद. आता गाणं वाजलं की अख्खा गाव हसतो, नवरा बोलतोय म्हणून."

"अगं बया!"

"तू गप गं. हे बघा म्याडम, पान्याच्या टाकीसाठी हेलपाटे मी घातले, तवा बोलनार बी मीच. ही पडली भोळी. हिला माईकम्होरं..."

"पोरी, तुझ्या मोबाईलात गानं हाय का एखादं?"

"आहे ना काकू."

"लाव. चांगलं लांबलचक बघून लाव. ह्यांचं लवकर सरत न्हाई."